दोन पांढऱ्या लुगड्यांवरचा पिक्चर

आष्टी, ता. परतूर
९ मार्च २०२५

प्रीती,
जयभीम.

तू माझा नंबर ब्लॉक केला त्याला आज एकवीस दिवस झाले. तुझा शेवटचा मेसेज मला पाठ आहे. "एका मिनिटात सतरा मेसेज टाकतोस, त्यातले सोळा भांडणाचे असतात. बोलायचं असेल तर कागदावर लिही, पाकिटाला तिकीट लाव आणि पोस्टात जाऊन टाक. तेवढ्यात निम्मा राग उतरेल." तर बघ, लिहून राह्यलो. तीन कागद फाडले, हा चौथा. राग उतरला न्हाई.

तू तिथंच होतीस, तरी एकदा माझ्या बाजूनं वाच.

जानेवारीत कॉलेजच्या हॉलमध्ये तो चिनी पिक्चर दाखवला. जुन्या काळचा, तलवारबाजीचा. बोलणं सगळं चिनी आणि खाली इंग्रजी ओळी. दिसायला एक नंबर, त्याबद्दल वादच न्हाई. ती केशरी फळांची बाग आठव. दोघं फांद्याफांद्यांवरून लढतात आणि पिकली फळं खाली बर्फात पडत राहतात. आणि ते रंगाऱ्याचं अंगण! दोऱ्यांवर ओलं कापड टांगलेलं, लाल, हिरवं, हळदी, आणि त्याच्यातून तलवारीचं नुसतं टोक फिरतं. माझ्या हातातला समोसा तसाच राह्यला होता.

पण शेवट? ज्या सेनापतीनं त्याच्या उस्तादाला मारलं त्याला शोधत हा गडी तीन मुलूख तुडवतो. सापडतो तेव्हा सेनापती म्हातारा झालेला, रंगाऱ्याकडं कापडं धुतोय. आणि हा काय करतो? मानेवर टेकवलेली तलवार काढून निळीच्या हौदात सोडून देतो. कोपरापर्यंत निळा झालेला हात घेऊन त्याची वाट बघत बसलेल्या रंगारणीच्या दारात येऊन उभा राहतो. ती काहीतरी म्हणते. खतम!

नंतर सरांनी एकेकाला मत विचारलं. मी उभा राहून म्हणलो, हा गडी भित्रा आहे. त्यावर माझ्या वर्गातला हरिओम सगळ्या हॉलसमोर म्हणला, "राजा, तुला खालचं इंग्रजी वाचता आलं न्हाई, म्हणून पिक्चर कळला न्हाई." सगळे हसले. तू पण हसलीस. मंग माझा हात उठला आणि त्याचा ओठ फुटला. प्राचार्य म्हणले, लेखी माफी दे आणि वर्गात बस. मी दप्तर उचललं आणि परतूरची गाडी धरली.

तू म्हणतेस, माफी लिही, दुसरं वर्ष पूर्ण कर. प्रीती, माफी लिहिणं म्हणजे तलवार हौदात टाकणं. मी टाकणार न्हाई. आमच्या आष्टीतल्या कुठल्याही माणसाला हा पिक्चर दाखव. तो बराबर सांगेल की गडी भित्रा होता.

तू हसलीस का, एवढंच सांग.

राजानंद

ता. क. फेब्रुवारीत दोनदा मस्तगडला तुमच्या गल्लीत आल्तो. दारात तुझ्या बाबांची शिडी आडवी आणि रंगाचे डबे. तिथून माणूस आत जातो कसा? परत गेलो.

मस्तगड, जालना
१५ मार्च २०२५

राजानंद,
जयभीम.

हो, हसले. पण हरिओमच्या बोलण्यावर नाही. तू तावातावाने उभा राहिलास तेव्हा मांडीवरचा समोसा खाली पडला आणि तू भाषण चालू ठेवून तो बुटाने हळूच बाकाखाली सरकवलास. त्याच्यावर हसले. तुला वाटलं, सारं जग तुझ्यावर हसतंय. तुला कायम तसंच वाटतं.

आता माझं ऐक. मामांनी अंकुशनगरचं एक स्थळ आणलंय. मुलगा साखर कारखान्यात केमिस्ट आहे, शांत आहे म्हणे. बाबा म्हणाले, बुद्धपौर्णिमा होऊ दे, मग बघू. म्हणजे पौर्णिमेच्या आधी मला बाबांशी बोलावं लागणार. तुझ्याबद्दल काय सांगू? एक मुलगा आहे, हुशार आहे, पण एका पिक्चरवरून त्याने मारामारी केली आणि कॉलेज सोडलं? बाबा साइनबोर्ड रंगवणारे आहेत. माणसाच्या हाताला घाई असली की त्यांना लांबून कळते.

तू म्हणतोस ना, आष्टीत दाखव? दाखव मग. पिक्चर दाखव, बघणाऱ्यांची मतं घे आणि जशीच्या तशी वहीत लिहून मला कळव. निम्म्याहून जास्त लोक त्याला भित्रा म्हणाले, तर मी माफीचं नाव काढणार नाही आणि बाबांना तुझं नाव सांगेन, कॉलेज सोडलेला मुलगा म्हणूनच. नाही म्हणाले, तर तू गुपचूप येऊन माफी लिहून द्यायची. अट एकच. मत देणाऱ्याशी भांडायचं नाही. समोरचा काहीही बोलो, फक्त लिहून घ्यायचं.

आणि एक सांग. शेवटी ती रंगारीण दारात काय म्हणते, ते आठवतं का तुला? तेवढ्या एका ओळीवर सगळा पिक्चर उभा आहे.

प्रीती

आष्टी
२१ मार्च २०२५

प्रीती,
जयभीम.

अट मंजूर. तुझं पत्र आलं त्याच दिवशी कामाला लागलो. राग उतरायला नसला तरी काम करायला टपाल बरं आहे.

पिक्चर अंगदकडं पेनड्राइव्हवर होता. अंगद माझा दहावीपर्यंतचा दोस्त, आता गावातच क्लास चालवतो, त्याच्या क्लासचा प्रोजेक्टर मिळाला. जागा विहाराची. अडचण पडद्याची होती. विहाराची भिंत यंदा निळी केली, त्याच्यावर सगळे चिनी आजारी दिसत होते. मी माझ्या मोठ्या आईला, सोनूबाईला म्हणलो, तुझं पांढरं लुगडं दे. ती म्हणली, "वंदनेचं लुगडं हाय ते. त्याच्यावर मारामाऱ्या दावतू?" मी म्हणलो, त्याच्यात शेवटी तलवार टाकून देतात. मंग म्हणली, "तसं असंल तर ने. गिरिजाबाईचं बी घे. पण चौदा एप्रिलच्या आधी धुऊन, इस्त्री करून पाहिजे." म्हणजे तिनं पिक्चर न पाहताच मत दिलं. हे मत मी धरणार न्हाई.

दोन्ही लुगडी मीच उभी शिवली. शिवण मधोमध आली आहे, गड्याच्या नाकावरून जाते. चालतंय.

दुसरी अडचण इंग्रजीची. खालच्या ओळी गावात कोण वाचणार? म्हणून मीच माइक घेऊन बसणार आणि प्रत्येक बोलणं मराठीत सांगणार. हरिओमला कळव, राजानंद आता पूर्ण गावाला इंग्रजी वाचून दाखवतोय. सहा एप्रिल, रविवार, दुपारी दोन वाजता. खिडक्यांना गोधड्या आणि खताच्या गोण्या लावून अंधार करणार.

शेवटची ओळ मला माहीत आहे. तू चिंता करू नको.

राजानंद

मस्तगड
२८ मार्च २०२५

राजानंद,

तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. माहीत आहे म्हणालास, काय आहे ते लिहिलं नाहीस. असो.

माइकवर सांगतोस ते चांगलं आहे. पण मनाचं घालू नकोस. आणि सोनूबाईंना माझा जयभीम सांग. गावात कुणीतरी लुगडं देताना अट घालतं, हे वाचून बरं वाटलं.

प्रीती

आष्टी
७ एप्रिल २०२५

प्रीती,
जयभीम!

जिंकलो. पण क्रमानं सांगतो.

काल विहारात बसायला जागा न्हवती. बाया पुढं, म्हातारे भिंतीला टेकून, आणि बौद्धवाड्याबाहेरची माणसंही आली. रखमाजी आजोबा आले, मोसंबीची बाग असलेले. शेजारच्या उषाबाई सूप मांडीवर घेऊन, तूर पाखडत पिक्चर पाहायला. बागेतली लढाई सुरू झाली आणि सूप थांबलं ते थांबलंच. बर्फ पाहून सोनूबाईनं पदर अंगावर ओढून घेतला. बाहेर चाळीस डिग्री, प्रीती!

पिक्चर संपल्यावर वही उघडली. एकोणीस जणांनी मत दिलं. जशीच्या तशी लिहितो.

उषाबाई: "उस्तादाला मारलं त्याला सोडायचंच व्हतं तर तीन मुलूख हिंडला कशाला? घरी बसायचं. भित्रंच हाय ते."

रखमाजी: "ती केशरी फळं कसली? बर्फात धरत्यात म्हणजे चिवट जात हाय. रोप मिळंल का? आन् राजा, बाईनं त्याला हाकललं म्हणतूस, मंग ती हसली कशाला?" आजोबांना मोतीबिंदू आहे. भांडलो न्हाई, लिहून घेतलं.

गिरिजाबाई: "कपडे लई सुंदर. ते हळदी कापड माझ्या सुनंला पाहिजे."

सोनूबाई: "माझ्या लुगड्यावर एवढं रगत सांडलं, डाग एक बी न्हाई. ती बाई लई कमी बोलती आन् तू लई बोलतूस." माइकचा आवाज मोठा झाला असेल.

अंगद: "तलवार टाकली तिथं मला झोंबलं. पण का झोंबलं ते सांगता येत न्हाई." त्याला मी अर्धा-अर्धा धरला होता, मंग सोडून दिला.

बाकीचं वहीत आहे. मोजलं तर एकोणीसपैकी अकरा जण म्हणाले, भित्रा. अकरा! एकाशीही भांडलो न्हाई. ओठ चावून चावून सुजलाय.

आता एक गोष्ट, घाबरू नको. विहाराची कमान यंदा बायांनी फ्लेक्सऐवजी रंगवून घ्यायची ठरवली, कारण फ्लेक्स वाऱ्यानं दोन महिन्यांत फाटतो. रंगवायला जालन्याहून पेंटर आले. तुझे बाबा! शनिवारीच आलेत, कमानीवर शिडी लावून उभे आहेत. मी शिडी ओळखली आधी, माणूस नंतर. ते पिक्चरला मागं दाराजवळ बसले होते. त्यांनाही मत विचारलं. ते एवढंच म्हणाले, "हिरवा मशीनमधला, लाल मशीनमधला. निळा खरा आहे. तो हात खरंच बुडवलाय." मंग वही हातात घेऊन पानं उलटली. म्हणाले, "अक्षर कुणाचं?" मी म्हणलो, माझं. म्हणाले, "हं." अक्षर आवडलं असणार. तुझं नाव मी काढलं न्हाई.

तर आता तू बोलायचं. अट तुझीच होती.

राजानंद

मस्तगड
१२ एप्रिल २०२५

राजानंद,

बाबा काल घरी आले. जेवताना आईला सगळा पिक्चर सांगितला. बाग, बर्फ, दोरीवरची कापडं, भाताचा हात हवेत तसाच ठेवून. मग म्हणाले, "पिक्चर चांगला होता. माइकवरचं पोरगंही चांगलं सांगत होतं. पण शेवटी ते खोटं बोललं."

मी विचारलं, बाबा, तुम्हाला चिनी येतं?

"दार येतं," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं दुकानांच्या दारांवर शिडी लावून उभा आहे मी. कोण कुणाला आत घेतंय आणि कोण वाटेला लावतंय, ते वरून दिसतं. हाकलणारी बाई दार भरून उभी राहते. ही एका अंगाला झाली. आणि ते पोरगं माइकवर सांगतंय की ती म्हणाली, रिकाम्या हाताने आलास, लाज नाही वाटत, जा माघारी."

राजानंद, मी तो पिक्चर दोनदा पाहिलाय. ती म्हणते, "हात धुऊ नकोस. तसाच ये."

इतकंच. तेवढ्या ओळीसाठी मी हॉलमध्ये श्वास धरून बसले होते. आणि तू ती ओळ बदललीस. तुला ठाऊक नव्हती असं नाही, तू पत्रात लिहिलंस ठाऊक आहे म्हणून. तुझी अकरा मतं त्या पिक्चरवरची नाहीत. ती तुझ्यावरची आहेत. लोकांनी तुझंच ऐकून तुलाच उत्तर दिलं.

मी चिडलेले नाही. चिडले असते तर चार पानं लिहिली असती. पण बाबांशी मी अजून बोललेले नाही, आणि आता काय बोलावं ते कळत नाही. पौर्णिमा बारा मेला आहे. लिहिण्यासारखं खरं काही होईल तेव्हाच लिही. तोवर नको.

प्रीती

मस्तगड, जालना
२१ एप्रिल २०२५

चि. राजानंद यास,
सप्रेम जयभीम.

मी सर्जेराव पेंटर. कमानीच्या कामावर आपली भेट झाली. तुझा पत्ता विहाराच्या वहीवरून घेतला.

आमच्या घरी मार्चपासून काही पाकिटं येतात. त्यांच्यावर 'मस्तगड' ज्या हाताने लिहिलेलं असतं, तोच हात तुझ्या वहीत होता. मी अक्षरांवर पोट भरलेला माणूस आहे, मला ते लपत नाही. त्या पाकिटांत काय असतं ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. मी पिक्चरबद्दल लिहितो आहे.

माझ्या धंद्यात एक गोष्ट आम्ही पहिल्या दिवशी शिकतो. दुकानाचं नाव आवडो न आवडो, जसं आहे तसंच रंगवायचं. मी एकदा एका हॉटेलाचं नाव वाईट वाटलं म्हणून चांगलं करून रंगवलं होतं. मालकाने शिडी ओढून घेतली, मी तासभर छपराच्या पत्र्यावर बसून होतो. तेव्हा माझं वय तुझ्याएवढंच होतं. राग मलाही फार यायचा.

चूक झालेली ओली असेपर्यंत रॉकेलच्या चिंधीने निघते. वाळली की पत्रा घासावा लागतो आणि घासल्याची खूण राहते. तुझी अजून ओली असावी असा माझा अंदाज आहे.

कमानीची आतली बाजू राहिली आहे. पौर्णिमेच्या आधी पुरी करायची. तीन मेला येतो. हाताखाली माणूस लागेल. तुझं अक्षर बरं आहे, फक्त घाई करतं.

सर्जेराव

आष्टी
५ मे २०२५

प्रीती,
जयभीम.

तू म्हणाली होतीस, खरं काही होईल तेव्हा लिही. आता लिहितो. मोठं होईल, बसून वाच.

पहिलं खरं. जानेवारीत हॉलमध्ये मी ती शेवटची ओळ वाचलीच न्हवती. इंग्रजी येत न्हाई म्हणून न्हाई. मी तुझ्याकडं पाहत होतो. पडद्याचा निळा उजेड तुझ्या गालावर आला होता आणि तू कसलीतरी वाट पाहत असल्यासारखी पुढं झुकली होतीस. मी ते बघत राह्यलो आणि पिक्चर संपला. उठून भाषण ठोकलं ते ती ओळ न वाचताच. हरिओम म्हणला तुला वाचता आलं न्हाई, तर मला राग आला, कारण ते निम्मं खरं होतं.

मार्चमध्ये पेनड्राइव्ह मिळाल्यावर मी पहिला शेवट लावला. 'हात धुऊ नकोस. तसाच ये.' वाचलं आणि कानशिलं तापली. आता कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून माइकवर दुसरंच बोललो. वाटलं, गावाला काय कळतंय.

तर ऐक. तुझ्या बाबांचं पत्र आलं. मंग सोनूबाईकडं गेलो. ती लुगड्याची घडी घालत होती. म्हणलो, मोठी आई, शेवटी मी खोटं सांगितलं. तर ती म्हणाली, "मला ठावं हाय. तिचं तोंड दोनदाच हललं आन् तू एवढं लांबलचक भाषण दिलं. एवढं दोनदा तोंड हलवून मावतं व्हय?"

मी म्हणलो, मंग तेव्हा का न्हाई बोललीस?

"म्हणले की. वहीत लिहिलंस की तूच. ती कमी बोलती, तू लई बोलतूस."

रखमाजी आजोबांकडं गेलो. ते म्हणाले, "आम्हाला वाटलं माइक बिघडला. दुसऱ्याच पिक्चरचं लागलं." प्रीती, सगळ्यांना कळलं होतं. गावात फक्त मला वाटत होतं की कुणाला कळलं न्हाई. वहीत मी माझ्याच हातानं सगळं लिहून ठेवलंय आणि वाचलं न्हाई.

दुसरं खरं. एकोणतीस एप्रिलला जालन्याला आल्तो. तुला सांगितलं न्हाई, तुमच्या गल्लीतही आलो न्हाई. सरळ कॉलेजात गेलो. माफी घरूनच लिहून नेली होती, पाच ओळींची, मनाचं काही घातलं न्हाई. प्राचार्यांनी वाचली, चष्मा काढला, म्हणाले, "जूनमध्ये ये. दुसरं वर्ष पुन्हा करावं लागेल." म्हणलो, करतो.

हरिओम कॅन्टीनला होता. मला पाहून उठून उभा राह्यला, खुर्ची मध्ये घेऊन. मी म्हणलो, बस, मारायला आलो न्हाई. माफी मागितली. त्यानं ओठ दाखवला, खूण पण न्हाई. म्हणला, "एवढंच ना? मला वाटलं तू पोलिसात जाशील की मी तुला चिडवलं म्हणून." मंग मी विचारलं, खरं सांग, शेवटी ती बाई काय म्हणते? तो डोकं खाजवायला लागला. "कुणाला आठवतंय! मी सेनापतीची दाढी बघत होतो, खरी का खोटी." घे! ज्यानं मला सांगितलं की तुला वाचता येत न्हाई, त्यानं पण वाचलं न्हवतं. एक क्षण मूठ वळली, खोटं कशाला सांगू. मंग दोघांनी चहा घेतला.

तिसरं. काल रविवारी पिक्चर पुन्हा लावला. सोनूबाईनं लुगडी न मागता आणून दिली, या वेळी शिवण तिनं स्वतः घातली, आता नाकाच्या बाजूनं जाते. आधी माइकवर सगळ्यांना सांगितलं की मागच्या वेळी शेवट मी माझ्या मनाचा सांगितला होता. उषाबाई तूर पाखडत म्हणल्या, "लाव आता." शेवट आला तेव्हा मी माइकवर फक्त दोन वाक्यं म्हणलो. 'हात धुऊ नकोस. तसाच ये.' आणि माइक खाली ठेवला. रखमाजी आजोबा एकटेच म्हणाले, "हां. आता हसली ती बराबर."

मतं पुन्हा घेतली. भित्रा म्हणणारे पाच उरले. उषाबाई हटल्या न्हाईत. "तरी बी मारायला पाहिजे व्हतं. दार काय, नंतर बी उघडलं असतं." लिहून घेतलं. माझं स्वतःचं मत विचारशील तर मला अजूनही वाटतं, एक फटका तरी द्यायला पाहिजे होता. निदान बोथट बाजूनं. पण तू जिंकलीस, हे वहीत लिहिलंय.

तुझे बाबा शनिवारपासून इथंच आहेत. मी हाताखाली आहे. पहिल्या दिवशी त्यांनी मला अक्षराला हात लावू दिला न्हाई, नुसती अक्षरांमागची निळी जमीन रंगवायला दिली. म्हणाले, "सावकाश. कमान कुठं पळून जात नाही." आज दुपारी एक अक्षर भरायला दिलं. शिडीवर दोन तास लागले. खाली उतरलो तर कोपरापर्यंत निळा. मी टाकीकडं हात धुवायला निघालो तर ते शिडी धरूनच म्हणाले, "अक्षर बघ आधी. हात नंतर."

तुझं नाव त्यांनी काढलं न्हाई, मीही काढलं न्हाई. पण जेवताना त्यांनी त्यांच्या डब्यातली भाकरी मोडून मला दिली. याचा अर्थ काय ते तू सांग, मी अर्थ काढायचं आता सोडलंय.

कागदावर बोटांचे ठसे आलेत. पुसायला गेलो तर जास्त पसरले. तसंच पाठवतो.

राजानंद

मस्तगड
१३ मे २०२५

राजानंद,
जयभीम.

काल पौर्णिमा झाली. विहारात वंदना, घरी खीर. खीर खाऊन झाल्यावर मी बाबांना तुझं नाव सांगितलं. सगळं एका दमात सांगितलं, समोशासकट. ते वाटी चाटूनपुसून बाजूला ठेवत म्हणाले, "मला पाकिटांनी मार्चमध्येच सांगितलंय. तू सांगायची वाट बघत होतो." मामांना त्यांनी फोन केला, अंकुशनगरचं सध्या राहू द्या म्हणाले. मामा फुगलेत, उतरतील. 'तिचं शिक्षण, त्याचं शिक्षण, मग पुढचं,' असं बाबांचं मत आहे. जसंच्या तसं लिहिलंय. भांडू नकोस.

तू हॉलमध्ये माझ्याकडं बघत होतास, हे मला तेव्हाच माहीत होतं. म्हणून तर विचारत होते, शेवटची ओळ आठवते का.

तुझी पत्रं मी त्यांना दाखवली नाहीत. फक्त पहिल्या पत्राचा ता. क. वाचून दाखवला, दारातल्या शिडीचा. आज सकाळी उठले तर दारात खडखडाट चाललेला. बाबांनी शिडी उचलून मागच्या बोळात नेली. मग डबे, एकेक करून सगळे. आई कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "वीस वर्षं घसा कोरडा केला, तेव्हा हलवली नाही."

बाबा म्हणाले, "वीस वर्षांत दारातून कुणी माघारी गेलं नव्हतं."

अठरा तारखेला रविवार आहे. ये.

प्रीती